सहीशिवाय बाहेर गेलेला डबा

माझे सासरे स्वयंपाकघरातही पेन घेऊन येत. मोहन्याच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर स्टोअर सांभाळलं होतं. निवृत्तीनंतर ठाकुर्लीचा फ्लॅट हेच त्यांचं स्टोअर झालं. शेजाऱ्यांना स्क्रू ड्रायव्हर दिला तरी ते वहीत सही घेत. "सहीशिवाय खिळासुद्धा बाहेर जात नाही," हे ते अजिबात न हसता म्हणत. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या.

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी तूरडाळ समजून हरभऱ्याच्या डाळीचं वरण केलं. "कॉन्व्हेंटची पोरगी," म्हणत माझा नवरा निखिल हसत सुटला. सासरे मात्र ते वरण भातावर घेऊन निमूटपणे जेवले. दुसऱ्या दिवशी सगळ्या डब्यांवर पांढऱ्या पट्ट्या होत्या, ठसठशीत अक्षरांत: तूर, हरभरा, मूग. मराठी मला अजून अक्षर अक्षर जुळवून वाचावं लागतं, हे त्यांनी कधी पाहिलं होतं कोण जाणे. "नाव वाचावं, मग हात घालावा," एवढंच म्हणाले. माझं मराठी त्या पट्ट्यांवर सुधारलं.

आम्ही दोघंही कमी बोलणारे. मी घरूनच काम करायचे, त्यामुळे चारचा चहा समोरासमोर बसून, गप्प. त्यांना 'बाबा' म्हणायला मी लाजायचे. मग वाक्यच तसं करायचे: "चहा ठेवलाय." "फोन वाजतोय." उद्यापासून म्हणू, असं करत तीन वर्षं गेली. मग घटस्फोट झाला, आणि आता म्हणायचं तरी कशाला, असं झालं.

मी माझं सामान आणायला गेले तेव्हा निखिल मुद्दाम बाहेर गेला होता. वकिलांनी ठरवलेली यादी घेऊन सासरे दाराशीच खुर्ची टाकून बसले होते. मागे दोरीने बांधलेली खोकी, प्रत्येकावर पट्टी.

"पुस्तकं, तीन खोकी. बघून घे."

"बरोबरच असतील."

"तरी बघावं. मग सही."

मी ओळीओळीसमोर सही केली. एका घरात तीन वर्षं राहून मी त्या स्क्रू ड्रायव्हरसारखी बाहेर पडत होते. खाली टेम्पोवाला हॉर्न देत होता. दारात थांबले. तो एक शब्द निदान आज तरी म्हणायचा होता.

"येते," म्हणाले.

"लिफ्ट बंद आहे. जपून उतर."

संध्याकाळी माजिवड्याच्या भाड्याच्या खोलीत खोकी उघडली. भांड्यांच्या खोक्यात माझ्याच टॉवेलात गुंडाळलेला तूरडाळीचा डबा निघाला, पट्टीसकट, अर्धा भरलेला. यादी दोनदा वाचली. त्यात तो नव्हता.

मी फोन लावला.

"बाबा, एक डबा जास्त आलाय."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"इथे काही कमी दिसत नाही," ते म्हणाले. मग, "पोचलीस ना नीट?"

त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही. गेल्या महिन्यात ते गेले. शेजारच्या काकूंनी मला कळवलं ते दहा दिवसांनी. कोणत्या नात्याने जायचं हे मला ठरवता आलं नाही, म्हणून गेले नाही.

कळलं त्या दिवशी मी वरण केलं. एकटीला मूठभर डाळ पुरते. डब्यात हात घालण्याआधी पट्टी वाचली.