शिंकासुराचं डावं शिंग

डोळे मिटा, असं मी सांगणार होते. पण मग तुम्ही वाचणार कसे? तेव्हा डोळे उघडेच ठेवा आणि एवढंच मनात आणा: चैत्रातली दुपार आहे, पंखा गरगरतोय पण वारा काही देत नाही, आणि तुमच्या मांडीवर एका राक्षसाचं डोकं आहे.

घाबरू नका. डोकं कागदाच्या लगद्याचं आहे. हिरवंगार, सुपाएवढे कान, वांग्यासारखं नाक. डावं शिंग निखळून पडलंय. शेजारी वाटीत मैद्याची खळ शिजवून ठेवलीय, अजून कोमट आहे. संध्याकाळी नाटक आहे, त्याच्या आत शिंग चिकटायला हवं. तुमच्या पापण्या मात्र आधीच चिकटायला लागल्यात.

आता मांडी माझी समजा. चाळीसगावच्या शाळेत मी चित्रकला शिकवायचे. निवृत्त होऊन वर्षं झाली, पण गावातली मुलं मला अजून ‘बाई’च म्हणतात. हा मुखवटा शिंकासुराचा. आमच्या बालरंगमंडळाच्या नाटकातला हा राक्षस इतक्या जोरात शिंकतो, की शेवटी त्याचाच किल्ला कोसळतो. मुखवटा एकच आहे. नाटक आठ-दहा वर्षांतून एकदाच उभं राहतं आणि दर वेळी एखादं नवं मूल तो घालतं. त्याची एक रीत आहे. ज्या मुलाच्या डोक्यावर तो चढणार, त्यानं आधी पडद्यापुढे यायचं, मुखवटा दोन्ही हातांत धरायचा आणि तो आधी ज्यांनी घातला त्या सगळ्यांची नावं मोठ्यानं घ्यायची. शेवटी स्वतःचं. मध्ये अडखळलं, तर पुन्हा पहिल्यापासून. नाव गाळलं तर मुखवटा नाकाला चावतो, असं मुलं एकमेकांना सांगतात. मीही कधी नाही म्हटलेलं नाही.

पहिलं नाव हेमराज भामरेचं. हो, तोच. टीव्हीवरचा, सिनेमातला. त्याची ती लांबलेली शिंक तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी आरशासमोर करून पाहिली असेल. ती आधी या मुखवट्यातून निघाली होती, माझ्या वर्गातल्या हेमूच्या नाकातून.

गेल्या महिन्यात तो मुंबईत वारला. दारूनं. त्यानंतर गावाला काय झालं कोण जाणे. चौकात लागलेला श्रद्धांजलीचा फलक दुसऱ्या दिवशी उतरवला. गिरणीत दळण टाकताना एक बाई म्हणाल्या, “हसवायचा तेव्हाही झोकलेलाच असणार.” ज्यांनी त्याला कधी साधा फोन केला नव्हता, त्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकलेले जुने फोटो लावले आणि खाली लिहिलं, वाटलंच होतं. आणि मंडळाचे अध्यक्ष अत्तरदे, माणूस वाईट नाही, मला हळूच म्हणाले, “बाई, यंदा त्याचं नाव नको. पालक ऐकत नाहीत. एक नाव कमी झालं तर कोणाला कळणार आहे?”

केतकीला कळलं. यंदाचा शिंकासुर तीच आहे. केतकी वाणी, पाचवीतली, दोन वेण्या, पुढचा एक दात अर्धा. तिनं आमचं बोलणं ऐकलं आणि काल माझ्याकडे येऊन विचारलं, “बाई, हेमराजकाकांचं नाव दारूमुळे गाळायचं ना? मग माझ्या बाबांचंही गाळायचं का?”

कारण तिसरं नाव तिच्या बाबांचं आहे. ज्ञानेश वाणी. लहानपणी काय शिंकायचा तो! सध्या तो धुळ्याला आहे, व्यसनमुक्ती केंद्रात.

“उद्या सांगते,” म्हणाले मी. आणि आता उद्याची दुपार झालीय. उत्तर सापडलेलं नाही, शिंग वाटीच्या बाजूला पडलंय, आणि मुखवटा माझ्या मांडीवर जड जड होतोय.

“बाई, खळ वाळतेय.”

समोर फरशीवर हेमू बसलाय. मांडी घालून. वर सिनेमातला चकचकीत कोट, खाली शाळेची खाकी चड्डी.

“चपला बाहेर काढल्यास का?” मी विचारते. हे असंच तोंडातून निघतं.

“आणल्याच नाहीत बाई. चालायचं काम संपलं.” तो मुखवट्याकडे वाकतो. “काय भो, ओळखलंस का?”

मुखवटा नाक उडवतो. त्यात मला काही विशेष वाटत नाही.

“हेमू, तुझ्याशी बोलायचंय.”

“चला मग. इथं नको, आवाज फार आहे.”

आवाज खरंच आहे. माझी ओसरी एसटी स्टँड झालीय. फलाट तेच, भिंतीवरच्या पानाच्या पिचकाऱ्या त्याच, फक्त गाड्यांना चाकं नाहीत. वर कर्णा खरखरतो: “प्रवाशांनी लक्ष द्यावे. ‘वाटलंच होतं’ मार्गे ‘आमच्या मुलांसमोर नको’ला जाणारी गाडी फलाटावर उभी आहे.” लोक धावत सुटतात. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. गिरणीतल्या बाई दळणाच्या डब्यासकट चढतात. कोणी फुलांचा हार घेऊन चढतं, हारात हेमूचा फोटो आहे आणि फोटोत हार नेणारा जास्त दिसतोय.

“भरली बघा,” हेमू म्हणतो. “माझ्या नाटकांना इतकी गर्दी असती तर मी मुंबईला गेलोच नसतो.”

“तुला राग येत नाही?”

“येतो ना. मेलेल्या माणसाला राग येत नाही असं कोणी सांगितलं तुम्हाला?” तो कोटाची बाही वर सारतो. “मी किती वेळा पडलो हे त्या कर्ण्याला पाठ आहे. किती वेळा उठलो ते विचारा त्याला.”

मी कर्ण्याकडे बघते. कर्णा खाकरतो आणि गप्प होतो.

“दर वेळी सोडायचो ना बाई, तेव्हा पहाटे उलट्या, हातांना कापरं, अंगावर मुंग्या. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरायचो. त्याच्याइतकं अवघड काम मी आयुष्यात केलं नाही. त्याला कोणी टाळ्या दिल्या नाहीत. ज्ञानेश कसाय?”

“केंद्रात आहे. दुसऱ्यांदा.”

“म्हणजे दोनदा सोडायला निघाला.”

“लोक म्हणतात, दोनदा पडला.”

“बघा,” तो म्हणतो. “हिशेब तोच, फक्त उलट्या बाजूनं मांडलाय.”

फलाटावरचा बाक आता रंगपटातला बाक आहे. आमच्या नाट्यगृहाचा रंगपट, आरशाभोवती दिवे, त्यातले दोन कायम गेलेले. पावडरचा वास. आरशात हेमू दहा वर्षांचा आहे. बाहेर तो पन्नाशीचा आहे आणि त्याचे डोळे पिवळे आहेत. मी मास्तरीणच, मला राहवत नाही.

“मग मी मुलांना काय सांगू? दारू वाईट नाही म्हणू?”

“वाईटच म्हणा!” तो इतक्या मोठ्यानं बोलतो की आरशातला मुलगा दचकतो. “माझ्या डोळ्यांचा रंग सांगा. सुजलेलं पोट सांगा. परभणीला पोरं तिकिटं काढून बसली होती आणि मला उभं राहता येईना, पडदा वर गेलाच नाही, तेही सांगा. काही झाकू नका. मला देव्हाऱ्यात बसवाल तर मी तिथंही शिंकेन.”

“आणि नाव?”

तो मुखवटा मांडीवर घेतो, शिंग उचलतो, वाटीत बोट बुडवतो. खळ अजून कोमट आहे.

“दारूनं मला नेलं, बाई. माझा आवाज नेला, घर नेलं, शेवटी सगळाच नेला. आता माझं नावही तिलाच का देताय? ते माझ्या आईनं ठेवलंय.”

बाहेर पहिली घंटा होते. आमच्या नाट्यगृहात पितळी घंटा होती तेव्हाची, हातानं वाजवायची.

“शिंग सरळ लाव,” मी म्हणते.

“सरळ शिंगांचा राक्षस हेडमास्तर दिसतो.” तो ते किंचित बाहेर झुकवतो, पूर्वी झुकवायचा तसंच, आणि मुखवट्याच्या आतून अंगठ्यानं खळ दाबून धरतो. “सुकेपर्यंत अंगठा काढायचा नाही. तुम्हीच शिकवलंय.”

“लक्षात आहे तुझ्या?”

“ज्या गोष्टी धरून राहिलो त्या सगळ्या लक्षात आहेत.”

दुसरी घंटा. आरशातले दिवे एकेक करून जातात. हेमूचं नाक हुळहुळायला लागतं. डोळे बारीक होतात, मान मागे जाते, तोंड उघडतं. “आ... आ...” सगळा रंगपट श्वास धरून थांबतो. आरशातला मुलगासुद्धा. “आ...”

“हेमू?”

“अडकली, बाई,” तो तसाच मान मागे टाकून म्हणतो. “ही आता ज्ञानेशच्या पोरीला द्या.”

तिसरी घंटा.

माझ्या दाराची कडी वाजतेय. मी जागी होते. पंखा तसाच गरगरतोय. मान अवघडलीय, पदरावर खळीचा एक वाळका डाग आहे आणि मांडीवर शिंकासुर. दोन्ही शिंगं जागेवर आहेत. डावं बाहेर झुकलंय.

मीच अर्धवट झोपेत चिकटवलं असेल. म्हाताऱ्या माणसांचे हात झोपेतही काम करतात. म्हणून मी मुखवटा उलटा करून आत बघते. शिंगाच्या बुंध्याशी ओलसर खळीत अंगठ्याचा ठसा आहे, रेषान्‌रेषा दिसणारा. मी त्यावर माझा अंगठा ठेवते. चारी बाजूंनी जागा उरते.

दारात केतकी उभी आहे. अंगात हिरवा झगा, हातात वेण्यांच्या रिबिनी.

“बाई, उद्या झाला,” ती म्हणते.

मी तिला जवळ बसवते, वेण्या घालते आणि सगळं सांगते. स्टँड, कर्णा, पिवळे डोळे, परभणी. लहान मुलांना अर्धी गोष्ट सांगितली की उरलेली अर्धी ती एकटी बसून लावतात, आणि बहुतेक वेळा खरीपेक्षा भयंकर लावतात. म्हणून सगळं सांगते.

“म्हणजे बाबा पडले नाहीत?”

“पडला. आणि उठायला गेलाय. दोन्ही खरं आहे.”

“परत पडले तर?”

“तर फार वाईट होईल. तुलाही फार रडू येईल. पण त्याचं नाव तेव्हाही त्याचंच असेल.”

ती मुखवट्याच्या आत बोट फिरवते, ठसा बघते.

“अत्तरदेकाका म्हणतात गाळ. मी म्हणते घे,” मी तिला सांगते. “मोठ्या माणसांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या की लहान माणसाला थोडा वेळ स्वतःचं डोकं वापरता येतं. वापर.”

संध्याकाळी नाट्यगृह भरलंय. पुढच्या रांगेत अत्तरदे, मागे पालक, कडेला फुटाण्याच्या पुड्या घेतलेली पोरं. मी विंगेत उभी आहे. केतकी पडद्यापुढे येते. मुखवटा तिच्याहून मोठा वाटतोय.

“हेमराज भामरे,” ती म्हणते.

सभागृहात कुजबुज सुरू होते. “कल्पना बाविस्कर,” ती पुढचं घेते, आणि तेवढ्यात मागून एक पुरुष उठतो. “अहो, ते पहिलं नाव नको ठरलं होतं ना? बेवड्यांची नावं पोरांच्या तोंडी कशाला?” कोणी हसतं. कोणी “बसा हो” म्हणतं. अत्तरदे मागे वळून हात जोडतात, कोणासाठी ते कळत नाही.

केतकी थांबलीय. तिचे कान लाल झालेत. ती विंगेकडे, माझ्याकडे बघते. मी हलत नाही. हे तिचं आहे.

ती मुखवट्याच्या आत हात घालते, डाव्या शिंगाच्या बुंध्याशी अंगठा टेकवते आणि त्या उभ्या माणसाकडे तोंड करते.

“मध्ये अडखळलं की पहिल्यापासून घ्यायची असतात,” ती म्हणते. मग आधीपेक्षा मोठ्यानं: “हेमराज भामरे. कल्पना बाविस्कर. ज्ञानेश वाणी, हे माझे बाबा. तौसीफ पिंजारी. केतकी वाणी.”

आणि मुखवटा डोक्यावर चढवते, मान मागे टाकते, दुपारपासून अडकलेली ती शिंक पूर्ण करते, त्या माणसाच्या दिशेनं.