विहिरीतला उंबर

जतकडं आमची मेंढरं होती. मी लहान असताना एक कोकरू माळावरच्या विहिरीत पडलं. पाणी गुडघाभरच होतं, पण विहीर खोल. थोरला भाऊ म्हणाला, "तू हलकी हायस, तू उतर."

रात्री मेंढरं कोंडायची जाळी दोन मेखांना बांधून त्यानं आत सोडली. ती धरून मी शिडी उतरावी तशी उतरले. मेंढरं जाळीला रेटा देत नाहीत, म्हणून मेखा दोन घावांत रोवायची आम्हाला सवय. भावानं तशाच रोवल्या होत्या. कोकरू ओच्यात बांधून मी निम्म्यात आले आणि मेखा उपटून आल्या. जाळी घसरली ती विहिरीच्या भिंतीत उगवलेल्या उंबराला अडकली. मी लोंबकळत राहिले. भाऊ आईला आणायला पळाला.

आईबरोबर आलेल्या गड्यांनी मला वर ओढलं. आईनं आधी थोबाडीत दिली, मग कपाळाला भंडारा लावला.

"बिरोबानं धरली म्हनून हायस."

"उंबरानं धरली," मी म्हणाले.

"आन् त्यो उंबर कुनी लावला? तुज्या आज्यानं?"

याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. आई गेली, भाऊही गेला. ती विहीर आठवणारं आता कुणी उरलं नाही.

नवरा गेल्यापासून मी सांगलीत दोन खोल्यांत एकटी राहते. पुण्याचा मुलगा म्हणतो, "आई, पडलीस तर कळणार कुणाला? कुलूप लाव आणि ये." त्याच्याकडं राहून पाहिलं. तो आणि सून दोघं दिवसभर कामाला, मी तिथंही एकटीच. मला हे घर सोडायचं नाही.

परवा मोरीत पाय घसरला. हाताला नळाचा पाइप लागला. तो हलला, तुटला नाही. गुडघा तेवढा सोलला. बराच वेळ तशीच बसले. दाराला आतून कडी होती, आणि हाक कुणाला मारावी तेही सुचेना. आई असती तर तिनं विचारलं असतं, पाइप कुणी बसवला. नवऱ्यानं. प्लंबरशी भांडून लोखंडी बसवून घेतला होता.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. बरी आहे म्हणाले. कपाळाला भंडारा लावला आणि शेजारणीकडं गेले. म्हटलं, "सकाळी दूध घ्यायला दिसले न्हाई तर दार ढकल. कडी काढलेली आसंल."

"आन् चोर आला तर, मावशी?"

"येऊ दे. कुनी तरी येईल."