पेनीवरचे एकोणतीस

शशिकांत निमकरांना वाकडं बघवत नसे. कुणाच्या घरी जेवायला गेले तर आधी भिंतीवरची तसबीर सरळ करत आणि मग पानावर बसत. शुभदावहिनी अशा वेळी दुसऱ्याच कुणाची तरी बायको असल्यासारख्या स्वयंपाकघरात निघून जात. कॅनडातल्या केंब्रिजच्या मोटारींच्या कारखान्यात चोवीस वर्षं निमकरांचं कामच ते होतं. गाडीचं दार आणि बॉडी यांच्यातली फट मोजायची, अर्धा मिलिमीटर जास्त भरली की लाइन थांबवायची. त्याचाच पगार मिळत असल्यामुळे ही आपली खोड आहे असं त्यांना कधी वाटलंच नाही.

फावल्या वेळात ते बेसमेंटमध्ये पानिपत मांडत. बोटाच्या पेराहून जरा उंच असे धातूचे शिपाई, घोडे, तोफा, हिरवं कापड अंथरलेलं टेबल, फासे आणि मोजपट्टी. याला कुणी पोरखेळ म्हटलं की ते चिडत, आणि चिडले की तासभर समजावून सांगत. या खेळातल्या लोकांची सगळ्यांत मोठी भांडणं लढाईवरून होत नाहीत, बेसवरून होतात. बेस म्हणजे शिपायाच्या पायाखालची चकती नाहीतर पट्टी. एकेक शिपाई सुटा उभा करायचा की चौघांना एका पट्टीवर घ्यायचं? पट्टी चाळीस मिलिमीटरची की साठची? रुंद केली की माणसं विरळ दिसतात, अरुंद केली की खांद्याला खांदा लागतो. एकदा चिकटवलं की फौज जन्मभर तशीच उभी राहणार. निमकरांनी आपली मराठी फौज साठ बाय चाळीसच्या पट्ट्यांवर चारचारच्या ओळीत चिकटवली होती. तिच्याकडे नुसतं बघून त्यांचं पोट भरे.

त्यांचा खेळातला जोडीदार गॉर्ड. कारखान्याच्या पेंट शॉपमधून रिटायर झालेला, सहा फुटी, अबोल गडी. दर वर्षी ईस्टरच्या आधीच्या शनिवारी क्लबच्या हॉलमध्ये तो एकच लढाई मांडायचा. १९१७ सालातली, फ्रान्समधली एक सकाळ. एकोणतीस कॅनडियन शिपाई आपल्या खंदकातून निघून जर्मनांच्या खंदकाकडे चालत जातात, एवढीच. जर्मन निमकरांकडे असत. गॉर्डचे शिपाई सगळे सुटे, प्रत्येक जण एकेका पेनीवर, म्हणजे एका सेंटच्या नाण्यावर, उभा. पेनी चलनातून गेली तेव्हा गॉर्डनं बँकेतून गुंडाळ्याच्या गुंडाळ्या आणून ठेवल्या होत्या. एकोणतीस जणांना एकेक करून पुढे सरकवायचं म्हणजे अर्धा दिवस खलास. निमकर कुरकुरत, "गॉर्ड, चारचार करून टाक की. मूव्ह करायला किती टाइम जातो बघ." त्यावर गॉर्ड एवढंच म्हणायचा, "ते चारचार गेले नव्हते, शशी."

नोव्हेंबरात गॉर्ड गेला. जानेवारीत त्याची बायको मार्गारेट बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन निमकरांच्या दारात उभी राहिली. आत एकोणतीस जण होते. पेनींच्या खाली चुंबकाची रबरी चकती लावलेली, त्यामुळे ते पत्र्याला घट्ट धरून उभे होते. "गॉर्ड सांगून गेलाय, यंदा शशी मांडेल," ती म्हणाली. "मी मांडायचो तशीच मांडेल, त्याला सगळं ठाऊक आहे, असं म्हणाला. या वर्षी मी बघायला येणार आहे." इतक्या वर्षांत ती एकदाही आली नव्हती. निमकरांना भरून आलं. त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेऊन शब्द दिला.

आणि मग त्यांनी जे केलं ते फक्त निमकरच करू जाणे. मित्राचं काम आपल्या हातून त्याच्यापेक्षा नेटकं व्हावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. शिपायांना पेनीवरून सोडवायचं आणि चौघाचौघांना पट्टीवर घ्यायचं. एकोणतिसाला चारानं भाग जात नाही, एक उरतो, हे लक्षात आल्यावर त्यांना दोन दिवस नीट जेवण गेलं नाही. शेवटी आणखी तीन शिपाई मागवून बत्तीस करावेत असं ठरलं. मेलेल्या मित्राच्या फौजेत भरती करायला निघालेला हा गृहस्थ स्वतःवर खूश होता.

सुपरग्लू गोठला की ठिसूळ होतो. म्हणून त्यांनी सगळ्यांना आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घालून गराजमधल्या फ्रीझरमध्ये ठेवलं. ओलं खोबरं काढायला गेलेल्या शुभदावहिनी तशाच परत आल्या.

"अहो, खोबऱ्याशेजारी हे काय ठेवलंयत? प्रेतं ठेवल्यासारखी दिसतायत. आधी ती बाहेर काढा."

"उद्या काढतो. ओव्हरनाइट ठेवावं लागतं."

रविवारी दुपारी त्यांनी एकेकाच्या पायाखाली पातं घालून त्याला उचकटलं. टक, टक. एक जण तर पातं लागायच्या आधीच सुटून आला. अर्ध्या तासात शिपाई एका ताटलीत आणि पेन्या गरम पाण्यात. पेन्या कशाला फुकट घालवायच्या, म्हणून त्यांनी पाण्यात थोडं व्हिनेगरही घातलं. संध्याकाळी बघतात तर रबरी चकत्या सुटून वर तरंगत होत्या. निमकरांनी एक पेनी उचलून पुसली. चकतीखाली सुईनं कोरलेलं एक नाव होतं. दुसरी पुसली, तिच्यावर दुसरं. बार्कले. श्टाल्क. हंटर, थोरला. हंटर, धाकटा. एकोणतीस पेन्या, एकोणतीस नावं. ताटलीतले शिपाई मात्र सगळे सारख्याच खाकी कोटात, सारख्याच टोपात. कुणाचं नाव काय, हे सांगू शकणारा माणूस नोव्हेंबरात गेला होता.

निमकर खुर्चीत बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या नीटनेटकेपणाची किळस आली.

"मार्गारेटला फोन करा," शुभदावहिनी म्हणाल्या. "सरळ सांगा, चूक झाली. तिला काहीतरी माहीत असेल."

"काय सांगू? तुझ्या नवऱ्यानं विश्वासानं दिलेली माणसं मी फ्रीझरमध्ये घालून तोडली, असं?"

फोन त्यांनी केला नाही. त्याऐवजी भिंग काढलं. काही पेन्यांवर गोंदाचा वाळका ठसा शाबूत होता, काही शिपायांच्या पायाखाली त्याचा जोड दिसत होता. अशा बारा जोड्या जुळल्या. त्या चिकटवताना गडबडीत दोघांची अदलाबदल झाली. सकाळी कामावर जाण्याआधी ते खाली उतरले, तर दहा जण उभे आणि ते दोघे पालथे पडलेले. गोंद ओला नव्हता, कोरडाही नव्हता, जणू लावलाच नव्हता. दोघांना आपापल्या पेनीवर बसवल्यावर ते असे चिकटले की हलवून हलेनात.

उरलेल्या सतरांसाठी आता हीच एक परीक्षा होती. निमकर रोज संध्याकाळी पेनीवरचं नाव मोठ्यानं वाचत, तिच्यावर एक शिपाई उभा करत आणि सकाळी येऊन बघत. ज्याचं नाव चुकलं तो पडलेला असे, आणि प्रत्येक वेळी पालथाच. सतरांपैकी एकही कधी उताणा पडला नाही. उचलावं तर खोबऱ्याच्या पिशवीइतका गार लागे, बेसमेंटमध्ये हीटर चालू असूनही. कधीकधी सकाळी चहा घेताना वरच त्यांच्या कानावर खालून टक असा आवाज येई. शुभदावहिनींनाही तो ऐकू येई. दोघंही कपाकडे बघत बसत.

फेब्रुवारी गेला, मार्च अर्धा संपला. एकेक जण पेनीवर ठरत गेला. हंटर भावांनी आठवडा खाल्ला. थोरल्याच्या जागी धाकटा उभा केला की शेजारचे जुळलेले दोघेही मान टाकत. एकोणतीस नावं निमकरांना तोंडपाठ झाली. कारखान्यात दाराची फट मोजताना ते ती पुटपुटत, आणि शेजारचा पंजाबी पोरगा विचारी, "अंकल, कौन सा मंत्र है?" निमकर मान खाली घालून पुढचं दार मोजायला घेत. त्यांना आता भीती वाटत होती, आणि आपण भितोय हे ते स्वतःशी कबूलही करत होते.

शेवटी एक शिपाई उरला आणि एक पेनी उरली. आल्बर्ट मन्रो. आता चुकायला जागाच नव्हती. तरी तो पडला. दुसऱ्या दिवशी पडला, तिसऱ्या दिवशी पडला. पेनी भिंगाखाली धरली तर तिच्यावर जुन्या गोंदाचा डागसुद्धा नव्हता. धुताना निघाला असेल, असं निमकरांनी ठरवून टाकलं.

शुभदावहिनी पायरीवर बसून बघत होत्या. "पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा काय करतात?" त्या म्हणाल्या. "इच्छा काय राहिलीय ते विचारतात ना? मामंजींच्या वेळी तुम्हीच हात जोडून, आईला सांभाळीन म्हणालात, तेव्हा कुठे शिवला. याचं काय राहिलंय ते विचारा कुणाला तरी. मार्गारेटला विचारा."

"चार दिवसांवर गेम आलाय, शुभदा. आता काय विचारायचं?"

"मग दर्भाचा कावळा करा आणि मोकळे व्हा," त्या रागानं म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

निमकरांनी तेच केलं. कारखान्यातून दोन नळ्यांतला इपॉक्सी गोंद आणला, तासभर कालवून, घासून, आल्बर्टचे पाय पेनीवर दाबून धरले आणि वर चिमटा लावून ठेवला. सकाळी तो उभा होता. निमकरांनी पेनी उलटी करून झटकली, टेबलावर आपटली. आल्बर्ट जागचा हलला नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना शांत झोप लागली.

शनिवारी हॉलमध्ये टेबलाभोवती पंधरावीस जण जमले. क्लबमधल्या एकानं कॅनडियन घेतले, निमकर नेहमीसारखे जर्मनांकडे. मार्गारेट भिंतीलगत खुर्चीवर, अंगात कोट तसाच. फासे पडू लागले. शिपाई पडला की त्याला आडवा करायचा, असा नियम. निमकर प्रत्येकाला आडवं करताना त्याचं नाव घेत होते, आणि पहिलं नाव ऐकताच मार्गारेटनं चमकून वर पाहिलं. तिचे डोळे भरले. निमकरांना बरं वाटलं. बार्कले. श्टाल्क. धाकटा हंटर, मग थोरला. फासे जणू यादी वाचत होते. एकही वार वाया जात नव्हता, आणि टेबलाभोवतीची थट्टा हळूहळू बंद पडली. चार वाजता हिरव्या कापडावर अठ्ठावीस जण आडवे होते आणि एकटा आल्बर्ट मन्रो उभा. निमकरांनी त्याच्यावर तीनदा फासे टाकले, तिन्ही वेळा नेम चुकला. खेळ संपला.

मार्गारेट उठून टेबलाशी आली. तिनं हातमोजा काढला, आल्बर्टला दोन बोटांत धरलं आणि उचललं. पेनीही त्याच्याबरोबर वर आली. ती थबकली.

"हा चिकटवलाय?"

"घट्ट," निमकर म्हणाले. "आता कधीच पडणार नाही."

"गॉर्ड याला चिकटवत नसे, शशी. हे माझे आजोबा. आमच्या गावातून एकोणतीस गेले, हे एकटे परत आले." ती हळू बोलत होती, रागावली नव्हती, आणि तेच निमकरांना सोसेना. "तू तिकडे तुझे जर्मन डब्यात भरत असायचास तेव्हा गॉर्ड यांना पेनीवरून उचलून खिशात घालायचा. घरी आला की माझ्या तळहातावर ठेवायचा. घेऊन आलो, म्हणायचा. तुला ठाऊक आहे असं वाटलं मला."

तिनं अंगठ्यानं शिपाई हळूच फिरवून पाहिला. मग जरा जोर लावला. कट्‌ असा आवाज झाला आणि आल्बर्ट तिच्या हातात आला, घोट्यापासून वरचा. तिनं मूठ मिटली, कोटाच्या खिशात घातली आणि दाराकडे चालू लागली.

पेनीवर दोन बूट राहिले होते, टोकं जर्मन खंदकाकडे करून. तिला हाक मारून निदान एवढे तरी द्यावेत म्हणून निमकर ते सोडवू लागले. नखानं झालं नाही, मग पातं घेतलं, पात्याचं टोक मोडलं. बाहेर तिची गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं. बूट हलले नाहीत. जोड अगदी पक्का झाला होता.