आवाजासकट

सिंगापूरला आल्यावर आम्हा मराठी माणसांना एक वाईट खोड लागते. लिफ्टमध्ये, एमआरटीच्या ट्रेनमध्ये, हॉकर सेंटरमध्ये जेवणाच्या रांगेत आम्ही वाट्टेल ते बोलतो. समोरच्याच्या केसांबद्दल, कुणाच्या घटस्फोटाबद्दल, पाळीबद्दल. ऐकणाऱ्यांना मराठी कुठे कळतंय! पुण्यात जे मी दार लावून बोलले असते ते इथे बसस्टॉपवर बोलायचे. त्यामुळे त्या दुपारी नोव्हेनाच्या हॉस्पिटलातून घरी येताना, मैत्रिणीच्या बंद काचांच्या गाडीत मी जे बोलले, ते बोलताना कसलीच भीती वाटली नाही.

मी गर्भपात करून येत होते. रीतसर, कायद्याने, मध्ये विचार करायला दिलेले दोन दिवसही काढून. लपवलं होतं ते फक्त नवऱ्यापासून. आमची मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती, तांजोंग पगारच्या ऑफिसात मला आत्ता कुठे हिशोबात धरायला लागले होते, आणि मला दुसरं मूल नको होतं. त्याला हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, तो हरखून गेला होता. आईला फोन करून सांगूनही टाकलं होतं त्याने. तो कामासाठी जकार्ताला गेला आणि मी मैत्रिणीला घेऊन हॉस्पिटल गाठलं.

येताना आमच्या पुढच्या लॉरीने एकदम लेन बदलली आणि मोटारसायकलवरचा माणूस फेकला गेला. मैत्रिणीने गाडी थांबवून ॲम्ब्युलन्स बोलावली. त्याचा पाय मोडला होता. लॉरीवाला म्हणत होता, मी इंडिकेटर दिला होता. खरंखोटं ठरवायला उरला फक्त मैत्रिणीच्या गाडीतला कॅमेरा. तेव्हा ज्याच्या त्याच्या काचेवर ते कॅमेरे दिसायला लागले होते. तो रस्त्याबरोबर गाडीतलं बोलणंही टिपतो, हे आम्हा दोघींच्या गावीही नव्हतं. पोलिसांनी मागताच तिच्या नवऱ्याने त्यातलं कार्ड देऊन टाकलं. त्याचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

माझा नवरा परत आला. मी सांगितलं, अचानक रक्त जायला लागलं, मैत्रिणीने हॉस्पिटलात नेलं, आपोआप पडलं. त्याने रजा घेतली. मला मऊ भात, तूप, मेतकूट करून घातलं. बाथरूममध्ये नळ सोडून रडला. मला ऐकू येत होतं. तो भात मला गिळवेना, तर म्हणायचा, "अशक्तपणा आहे गं, होईल हळूहळू." त्याच्या चांगुलपणाचा मला इतका त्रास कधी झाला नव्हता.

मग पोलिसांचं बोलावणं आलं. मैत्रिणीचा जबाब झाला होता, ते कार्ड तपासण्याआधीच. शेजारी बसलेली म्हणून आता माझा. "पोलिसांकडे एकटी कशाला जातेस," म्हणत तोही निघाला. येऊ नकोस म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं.

ऑफिसर तरुण होता, अदबशीर. त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवली. रस्ता, लॉरी, आणि माझा आवाज, अगदी स्वच्छ. "त्याला सांगेन, आपोआप पडलं म्हणून. मीच सही केली हे नाही सांगवणार गं मला. किती खूश होता तो." मग मैत्रिणीची किंकाळी.

"लॉरी गॉट सिग्नल ऑर नॉट, मॅडम? वन मोअर टाइम, ओके?"

त्याने मागे नेलं. मी पुन्हा सही केली, नवरा पुन्हा खूश होता. ऑफिसरचे डोळे बिचाऱ्याचे लॉरीच्या मागच्या दिव्यावर. पुन्हा मागे. शेजारी मान वळवून बघायची माझी छाती झाली नाही.

"धिस वन तमिळ, इज इट?"

"मराठी," नवरा म्हणाला.

"टॉकिंग अबाउट द ॲक्सिडेंट?"

"नो. फॅमिली मॅटर." मग तो म्हणाला, "आवाज जरा कमी कराल का, प्लीज?" हे त्याने चक्क मराठीतच म्हटलं आणि मग इंग्रजीत सांगितलं.

हा आवाज काढून टाकता येईल का, मी विचारलं. "कॅनॉट लाह, मॅडम. एव्हिडन्स." कॉपी इन्शुरन्सकडे जाणार, प्रकरण कोर्टात गेलं तर वकिलांकडे. गरज पडली तर मराठी दुभाषी बोलावू, असा वर त्याने धीरही दिला. इथले मराठी लोक ते किती! दुभाषी म्हणून गणपतीच्या आरतीला माझ्या शेजारी उभी राहणारी एखादी काकूच यायची. पण त्या मोडलेल्या पायाला न्याय मिळायला हवाच होता. चिडायचं तरी कुणावर? इंडिकेटर दिसला नाही, असा खरा जबाब मी दिला.

परतीच्या एमआरटीत तो दारावरचा स्टेशनांचा नकाशा वाचत राहिला. मग म्हणाला, "मला विचारलं असतंस तर मी 'नाही' म्हणालो असतो, असं वाटलं तुला?"

"हो."

त्याने विचार केला. माणूस प्रामाणिक, हीच तर पंचाईत.

"म्हणालो असतो," तो म्हणाला.

छे, असं कसं वाटलं तुला, असं काही खोटं बोलला असता तर मी भांडले असते, रडले असते, आणि कदाचित आम्ही मिटवलंही असतं. खऱ्याशी कसं भांडायचं? आमचं क्लेमेंटी स्टेशन आलं तसे आम्ही उतरलो. तो विषय त्याने पुन्हा काढला नाही. आणि मूल हवं, असंही तो पुन्हा कधी म्हणाला नाही.