फिलूनं घातलेली ओळ

शुक्रवारी दुपारी दोन ते तीन ही आराधनेची वेळ कुणालाच नको असते. जेवणं झालेली असतात, गाव आडवं झालेलं असतं. म्हणून ती माझ्या गळ्यात पडलीय. चॅपेलमध्ये मी एकटी. वेदीवर सोनेरी पात्रात पवित्र भाकर, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. प्रभूसमोर झोपायचं नाही असं मी स्वतःला बजावते आणि डोळे मिटते. डोळे मिटले की प्रार्थना बरी होते, असं आपलं म्हणायचं. जपमाळेचा कितवा मणी बोटात आहे ते आता आठवत नाही.

"सरक की जरा," कुणीतरी म्हणतं.

फिलू आहे. फिलोमिना, माझी नणंद. गेल्या जुलैत वारली. शेवटची निळी साडी मीच तिला नेसवली होती. त्याच साडीत ती माझ्या बाकावर बसतेय आणि बसायच्या आधी पदरानं बाक झटकतेय. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. हिची मेल्यावरही गेलेली नाही.

"अगं, तू मेलीस ना?"

"हो. म्हणून काय उभी राहू?"

मला हसू येत नाही. आठ महिन्यांत आलेलं नाही.

तुम्हाला आधीचं सांगायला हवं. नऊ वर्षांपूर्वी मी चर्चच्या एका तपसाधना शिबिराहून परत आले आणि पहाटेच्या प्रार्थनेत मला प्रभूचे शब्द ऐकू यायला लागले. कानानं नाही, आतल्या आत. मी कागद घ्यायची आणि हात धावेल तसं लिहीत सुटायची. उठल्यावर काय लिहिलं ते आठवायचं नाही, आणि अक्षर म्हणजे कावळ्याचे पाय, मलाच लागायचं नाही. फिलू शाळेत बाई होती. ती ते वाचायची, पक्क्या वहीत उतरवायची आणि गुरुवारी प्रार्थनागटाला वाचून दाखवायची. "लेकरा, दमलीस ना? भांडून आलीस तरी चालेल, पण ये," असं प्रभू बोलायचा. बाया पदर तोंडाला लावून रडायच्या. चाळीस-चाळीस जणी यायच्या, लांबच्या वस्त्यांवरनं.

फिलू गेली आणि वाचायचं काम लूर्दकडं आलं. लूर्द गटातली सगळ्यात लहान, पोरगी अडखळते पण आहे ते वाचते. आणि प्रभू बदललाच. "तुमची प्रार्थना थंड आहे. तुम्ही उशिरा येता. तुमच्या ओठांवर मी आणि मनात साड्या." चाळिसातल्या तीन उरल्या. मागच्या गुरुवारी लूर्दनं भीत भीत विचारलं, "मावशी, प्रभू अलीकडं फार चिडलेला असतो, नाही?" तेव्हापासून फिलूची वही माझ्या डोक्यातनं जात नाही.

"फिलू, खरं सांग. तू वहीत पदरचं काही घालायचीस का?"

ती उठून गेलीय. बाक शाळेचा झालाय, त्यावर पोरांनी कर्कटकानं नावं कोरलीत. वेदीच्या जागी फळा आहे आणि फळ्यावर वरपासून खालपर्यंत एकच शब्द: गुरुवार, गुरुवार, गुरुवार. फिलू डस्टरनं एकेक पुसतेय.

"थोडं थोडं घालायचे," ती पाठमोरीच म्हणते.

"थोडं म्हणजे किती?"

"भाजीत मीठ घालतो तेवढं. तुझा प्रभू फार खेकसायचा गं वहिनी. ती कांता, नवरा पिऊन मारायचा तिला, चार मैल चालत यायची. तिला काय वाचून दाखवू? तुझी भक्ती वरवरची आहे म्हणून?"

"म्हणजे खेकसणारी मी आणि मायेनं बोलणारी तू."

"तसं समज."

"मग देव कुठं होता?"

"मला काय विचारतेस? मी उतरवून घेणारी."

माझ्या अंगाची आग होते. नऊ वर्षं मी माझंच पित्त देवाच्या नावावर खपवलं. सुनेला बोलावं तसं गरीब बायांना बोलले, आणि बोलून झाल्यावर छातीवर बोटांनी क्रूस काढला. मला माझी लाज वाटते. मला तिचा रागही येतो, कारण हे तिनं जिवंतपणी सांगायला हवं होतं.

"कच्ची पानं कुठंयत? दाखव मला."

"ही काय."

आम्ही घरामागं, बंबापाशी आहोत. फिलू उकिडवी बसून माझी पानं एकेक करून बंबात सारतेय. तशी ती रोजच सारायची, अंघोळीच्या पाण्याला. जाळ आहे पण त्याला धग नाही. मी बंबाला हात लावते, पाणी गारच. तिच्या हातातनं एक पान ओढून घेते, उलटंसुलटं करते, एक अक्षर लागत नाही.

"थांब. एका ओळीचं सांग. अनुप गेला तेव्हाची."

अनुप माझा मुलगा. एकुलता एक. सव्विसाव्या वर्षी तापानं चार दिवसांत गेला, त्याला सहा वर्षं झाली. अकरा दिवस माझ्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं. बाराव्या दिवशी पहाटे मी प्रार्थनेला बसले, हात धावला, आणि दुपारी फिलूनं वाचून दाखवलं: "तुझं लेकरू माझ्याजवळ आहे. तू जेवून घे." मी उठले आणि अर्धी भाकरी खाल्ली. त्या दिवसापासून आजवर मी त्या एका ओळीवर जगलेय. बाकी सगळे संदेश जळाले तरी चालतील.

"ती माझ्याच हातची होती ना फिलू? तेवढी एक?"

ती आणखी एक पान बंबात सारते.

"त्या पानावर नुसत्या रेघा होत्या, वहिनी. आडव्यातिडव्या. अक्षर एकही नव्हतं."

"मग?"

"मग काय! तू वाळत चालली होतीस. दादा ओसरीवर बसून रडायचा. मी लिहिलं."

"तुला काय अधिकार होता?"

"काही नव्हता."

म्हणजे अनुप कुठं आहे हे मला कुणीच सांगितलेलं नाही. सहा वर्षं मी निवांत झोपले, आणि ते माझ्या नणंदेच्या शब्दावर.

दवाखान्याच्या लांबलचक वॉर्डात मी स्टुलावर बसलेय. समोर एकच खाट, चादर घडी करून ठेवलेली. फिलू माझ्या पाठीशी उभी आहे आणि तिच्या हातात फणी आहे.

"केसांचं हे काय करून घेतलंस?" ती म्हणते.

माझे दोन्ही खांदे आखडलेत, दोन वर्षं झाली. हात कानाच्या वर जात नाहीत. संध्याकाळी पाचला फिलू माझी वेणी घालायची, कुरकुर करत, पण एक दिवस चुकवला नाही. ती गेल्यापासून मी केस एका खांद्यावर ओढते आणि रबर लावते, केरसुणी बांधावी तसं.

"केसांचं राहू दे. तू तिकडनं आलीस ना? अनुप दिसला का तुला?"

"मान हलवू नकोस."

"हो की नाही, एवढंच सांग. खोटं सांगितलंस तरी चालेल मला."

फणी थांबते.

"आता खोटं सांगता येत नाही गं," ती म्हणते.

"मग खरं सांग."

ती तीन पेड करते आणि गुंफायला लागते. इतकी ओढते की डोळ्यांत पाणी येतं. वळून तिचं तोंड बघावं म्हणून मी मान फिरवते, तर ती दोन्ही हातांनी डोकं धरून सरळ करते. तिचे हात गार आहेत.

"वहिनी, त्या दिवशी ती ओळ लिहिताना मी रडत नव्हते. अनुपला मी अंगाखांद्यावर खेळवलं होतं, तरी रडत नव्हते. जन्मात कधी नव्हते इतकी शांत होते. का, ते मला तेव्हाही कळलं नाही."

"हे काही उत्तर नाही, फिलू."

"नाही," ती म्हणते. शेवटचा पेड ओढते.

"मावशी, तीन वाजले."

लूर्द दारात चपला काढतेय. पंखा कुरकुरतोय. माझं तोंड कोरडं पडलंय आणि मान ताठली आहे. लूर्द गुडघा टेकते, क्रूस काढते, माझ्यामागनं बाकावर यायला वळते आणि थबकते.

"अय्या मावशी, वेणी! कुणी घातली?"

मी हात वर नेते. हात कानापाशी अडतो, नेहमीसारखा. मग मान झुकवते, तशी ती पुढं येऊन पडते. तीन पेडांची, बारीक, सारखी, टोकापर्यंत गुंफलेली.

"फिलूनं," मी म्हणते. "पण तो कुठं आहे ते विचारलं, तर सांगेना."

मी वेदीकडं बघते. तिथनंही कुणी बोलत नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी कान देऊन ऐकतेय, आणि आत अगदी काही नाही.

"लूर्द, इकडं ये. हात लावून बघ. आहे ना?"

ती घाबरत हात लावते.

"आहे, मावशी," ती म्हणते. "फार घट्ट आहे."