विश्वनाथचं पोस्टर

विश्वनाथ कानडे गेली एकोणीस वर्षं न्यूझीलंडच्या हट व्हॅलीत फार्मसी चालवतो. गिऱ्हाइकाचं नाव आणि त्याची गोळी तो कधी चुकत नाही. तोल जातो तो बोलताना. पुण्यात आम्ही कॉलेजात असताना मेसचे दर वाढले तरी तो टेबलावर चढून ‘हिटलरशाही नहीं चलेगी’ ओरडायचा. आपल्याकडे कडक हेडमास्तर हिटलर, पाणी बंद करणारा सोसायटीचा चेअरमन हिटलर. त्यात कुणाला काही वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

मागच्या वर्षी कौन्सिलने दुकानांसमोरचं पार्किंग काढायचं ठरवलं आणि विश्वनाथ पेटला. त्याने इंग्रजीत पोस्टर छापलं : ‘छोट्या दुकानांचं फायनल सोल्यूशन, कौन्सिलचं गॅस चेंबर!’

त्याची मुलगी सानिका म्हणाली, “बाबा, यू कान्ट से दॅट. सिरियसली.”

“अगं, म्हणायची पद्धत असते,” म्हणत त्याने ते खिडकीत लावलं. शेजारच्या डेअरीवाल्या (तिकडे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला डेअरी म्हणतात) चिरागने प्रत मागितली. आठवड्यात रस्त्यावरच्या नऊ दुकानांत ते झळकलं. कौन्सिलच्या निवडणुकीला उभा असलेला एक उमेदवार तेच वाक्य भाषणात वापरू लागला.

गुरुवारी मिसेस क्लाइन आल्या. वय अठ्ठ्याऐंशी, हातात काठी. त्यांच्या आठवड्याच्या गोळ्या विश्वनाथ कित्येक वर्षं स्वतः भरून देत होता. पोस्टर वाचून त्या शांतपणे म्हणाल्या, “माझ्या आईला गॅस चेंबरमध्ये मारलं. मी सात वर्षांची होते. आणि ‘फायनल सोल्यूशन’ हे नाझींच्याच कागदांवरचे शब्द. त्यांना ‘ठार मारणं’ असं लिहायचं नव्हतं, म्हणून.”

विश्वनाथने त्यांच्यादेखत पोस्टर फाडलं आणि तडक बाकीच्या दुकानांकडे निघाला. कुणीच ऐकेना. चिराग हसून म्हणाला, “विश्वाभाई, काम कर रहा है! हीप्स गुड लाइन, एकदम मस्त!”

संध्याकाळी त्याने हे मला फोनवर सांगितलं. मी त्याला चांगलंच झापलं. झापता झापता आठवलं, पोस्टरचा फोटो मीच आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर ‘वा विश्वनाथ!’ लिहून पुढे पाठवला होता. मला लाज वाटली.

महिन्याभरात कौन्सिलने माघार घेतली. डेअरीसमोर लोक जमले. उमेदवाराने विश्वनाथचा हात उंच धरला आणि यांच्या एका वाक्याने आपण जिंकलो म्हणून सांगितलं. टाळ्या पडल्या. हात सोडवून तो दुकानात आला, तर काउंटरपाशी मिसेस क्लाइन उभ्या. औषधांची नोंद अप्पर हटच्या फार्मसीत पाठवा, म्हणाल्या.

“तिथे बसने जावं लागेल. मी घरी आणून देतो ना.”

“नको. तुम्ही तुमचं काढलंत, ते मी पाहिलं. पण या रस्त्यावर अजून आठ ठिकाणी तेच वाक्य आहे. मला इथून चालवत नाही.”

विश्वनाथने नोंद पाठवली. सोबत नव्या फार्मसिस्टला चिठ्ठी लिहिली : मोठी गोळी गिळता येत नाही, अर्धी करून द्यावी. लेबल मोठ्या अक्षरांत हवं. त्या इथून गेल्या त्या माझ्यामुळे.