जास्वंदीवरची पन्नी

मामाजींची जास्वंद मी मारली.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं. सकाळपासून फॅमिली ग्रुपवर त्यांचे फोटो येताहेत. किती शांत माणूस, किती साधा माणूस. खरंच आहे ते. पण मला आज दुसरंच लिहायचं आहे.

मामाजी म्हणजे माझे सासरे. इकडे हिंदी मुलखात, सिलतऱ्याला एका स्पंज आयर्नच्या, म्हणजे कच्च्या लोखंडाच्या, प्लांटमध्ये आयुष्य काढलं. रिटायर होऊन जवळच बीरगांवच्या घरी बसले तोवर छाती कामातून गेली होती. दोन पायऱ्या चढले की धाप लागायची.

अंगणात सासूबाईंनी लावलेली पिवळी जास्वंद होती. मी लग्न होऊन यायच्या आधीच सासूबाई गेल्या. मी त्यांना पाहिलं नाही, फक्त त्यांच्या सुती साड्या पाहिल्या. त्याही झाडावर.

हो, झाडावर.

दिवाळी झाली की मामाजी जास्वंदीच्या चारी बाजूंना बांबू रोवायचे. बुडाशी पैरा, म्हणजे धानाची तणस, पेंढा. संध्याकाळी बांबूंवर साडी टाकायची, सकाळी ऊन आलं की काढायची. मग ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायचं, कारण आमच्याकडे रात्रीतून पानांवर कारखान्यांची काळी धूळ बसते.

मी नागपूरची. थंडी मलाही माहीत आहे. पण झाडाला साडी पांघरणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. मी हसायचे. ते पानं पुसत राहायचे.

मागच्या वर्षी थंडीची लाट आली. डॉक्टरांनी बजावलं, सकाळ-संध्याकाळ घराबाहेर पडायचं नाही. मामाजी खोकत खोकत निघायचेच.

एक दिवस माझं डोकं फिरलं.

“मामाजी, काहून निघता? झाडापायी जीव देता काय? मी करते ना!”

ते खाटेवर बसले.

“बरं. पण सुतीच टाकजो, बाई. पन्नी नाही. पन्नीत घामानं मरते थे. आन सकाळी ऊन आलं का काढजो.”

आता माझी शाळेची नोकरी. साडेसहाला घर सोडते. माझा नवरा राहुल नाइट ड्युटीवरून येतो आणि आडवा होतो. ऊन यायची वाट पाहत अंगणात कोण उभं राहणार?

मी प्लास्टिकची मोठी काळी पन्नी आणली. झाडाला गच्च गुंडाळली, सुतळीनं आवळली. एकदा बांधलं की आठ दिवस कटकट नाही. स्वतःच्या हुशारीवर खूशसुद्धा झाले.

संध्याकाळी घरी आले की मामाजी खाटेवरून विचारायचे.

“सकाळी काढलं होतं काय, बाई?”

“हो मामाजी, काढलं होतं.”

तीन संध्याकाळी विचारलं. तिन्ही वेळा मी हेच सांगितलं.

चौथ्या दिवशी रविवार. त्यांना जरा बरं वाटत होतं. भिंत धरत धरत उन्हात यायला निघाले. मी पुढे पळाले आणि पन्नी ओढून काढली.

पानं काळी पडली होती. शिजलेल्या भाजीसारखी हाताला लागली.

मला वाटलं, आता ऐकावं लागणार. मामाजी खुर्ची ओढून झाडापाशी बसले. खाली वाकून बुडाजवळची साल नखानं खरवडली. आत हिरवट दिसलं.

“जित्तं हाय. वरच्या काड्या कापू नको. होळीपर्यंत हातच लावू नको. खालून फुटते.”

पन्नीचा शब्दही काढला नाही.

दोन दिवसांनी त्यांना ॲडमिट केलं. तीन आठवडे ऑक्सिजनवर होते. घरी आणलं ते पांढऱ्या कपड्यात.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आम्हा बौद्धांकडे माणूस गेल्यावर करतात त्या, कार्यक्रमासाठी अंगणात मांडव घालायचा होता. टेंटवाल्यानं विचारलं, “दीदी, ये सूखा पेड़ हटा दें? पोल यहीं आएगा.”

पोल चार हात सरकवता आला असता.

पण मलाच ते झाड तिथं नको होतं. येणारा प्रत्येक जण विचारणार, अरे, हे कसं मेलं? मी म्हटलं, थांबा भैया, मीच काढते. पांढऱ्या साडीचा पदर खोचला, कुदळीनं कडेची माती सोडवली आणि दोन्ही हातांनी उपटलं.

बुडाशी, पैऱ्याखाली, दोन कोंब होते.

हिरवे. नखाएवढे.

तिथल्या तिथे परत लावलं. मग बादलीत लावलं, घरात ठेवलं, साडीसुद्धा पांघरली. नाही जगलं. होळी आली तोवर ते खरंच मेलेलं होतं.

वर्षभर मी हे कुणाला सांगितलं नाही. आज सकाळी चहा घेताना राहुलला सांगितलं. पन्नी, तीन दिवस, खोटं, सगळं.

राहुलला मराठी सगळी कळते, पण तो उत्तर हिंदीतच देतो. लहानपणापासून बापालाही हिंदीतच.

म्हणाला, “पापा को पता था.”

मी कप खाली ठेवला.

“खिड़की से रोज दिखती थी पन्नी. मैंने बोला, मैं खोल देता हूँ. मना कर दिए. बोले, राहू दे. थे म्हणते काढलं. तिले लाज वाटन.”

सासूबाईंच्या हातचं एवढं एकच जिवंत उरलं होतं त्या माणसाजवळ. ते त्यांनी डोळ्यांदेखत जाऊ दिलं. कशासाठी, तर सून खोटी पडू नये म्हणून.

मग रोज विचारत का होते? मी खरं सांगेन म्हणून. दुसरं काय असणार. मी एकदा “नाही” म्हटलं असतं तर लगेच राहुलला उठवून पन्नी काढायला लावली असती त्यांनी. झाड वाचलं असतं.

बांबू अजून अंगणात तसेच उभे आहेत. साड्या धुऊन पेटीत ठेवल्या आहेत. कशावर टाकू?

लोक लिहितात, माफ करा. मामाजी, तुम्ही तर तेव्हाच माफ करून बसला होता, म्हणून तेही मागता येत नाही. फक्त तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं.

नव्हतं काढलं, मामाजी.

जयभीम.